भाड्याची प्रयोगशाळा, स्वतःची कंपनी

जमिनीचा प्रश्न

मुरुड तालुक्यात औषधनिर्मितीची चर्चा आली ती जमिनीच्या वाटेने. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी देशात तीन ‘बल्क ड्रग पार्क’ उभारायची योजना आणली आणि महाराष्ट्राने त्यासाठी रोहा व मुरुड तालुक्यांतली जागा पुढे केली. भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली आणि गावांतून विरोधही सुरू झाला. २०२२ मध्ये केंद्राने गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेश यांची निवड केली. महाराष्ट्राच्या वाट्याला पार्क आले नाही, यावरून मुंबईत आरोप-प्रत्यारोपही भरपूर झाले.

त्या वादात इथे शिरायचे नाही. मात्र त्याच्या पोटात दडलेला एक प्रश्न तपासण्याजोगा आहे. जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढायची तर जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री आधी लागतेच का? जगभर गेली काही दशके दुसरी पद्धतही रुळली आहे. तंत्रज्ञान परवान्याने घ्यायचे, प्रयोग ‘सीआरओ’ म्हणजे कंत्राटी संशोधन कंपनीकडून करून घ्यायचे, उत्पादन दुसऱ्याच्या कारखान्यात काढायचे. कोणता प्रयोग करायचा, कुठे थांबायचे आणि पैसा कशावर घालायचा, एवढे संस्थापकांनी स्वतःच्या हातात ठेवायचे. या पद्धतीचे समर्थक आणि टीकाकार दोघेही गंभीर आहेत. मुरुडसारख्या ठिकाणाहून पाहिले की दोघांच्या म्हणण्याला वेगळे वजन येते, म्हणून हा आढावा.

पद्धत आली कुठून

जनुकीय अभियांत्रिकीतली पहिली मोठी कंपनी जेनेनटेक. १९७६ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. हर्बर्ट बॉयर सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठातले प्राध्यापक होते आणि रॉबर्ट स्वॉन्सन गुंतवणुकीच्या व्यवसायातले तरुण. जनुकाचा रेणू रसायनांपासून जुळवायचे काम त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या संशोधन रुग्णालयाला करारावर दिले, आणि तो जिवाणूत बसवायचे काम बॉयर यांच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत झाले. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक तयार झाले, १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन. इन्सुलिनचा परवाना एली लिलीने घेतला आणि १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच कराराने पुढे कोर्टाची पायरी दाखवली. स्वामित्वशुल्काच्या हिशेबावरून सिटी ऑफ होपने दावा लावला आणि २००२ मध्ये ज्युरीने जेनेनटेकला ३० कोटी डॉलरची भरपाई आणि त्यावर २० कोटींचा दंड ठोठावला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला, भरपाई मात्र कायम ठेवली. मूळ करार झाला तेव्हा त्यातून काय निघेल याचा अंदाज दोन्ही पक्षांना नव्हता. बाहेरून काम करून घेण्यातला सगळ्यांत महागडा धडा या उद्योगाला त्याच्या पहिल्याच मोठ्या कंपनीकडून मिळाला.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण हैदराबादचे. वरप्रसाद रेड्डी हे मुळात इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी १९९३ मध्ये शांता बायोटेक्निक्स काढली. कामाची सुरुवात उस्मानिया विद्यापीठाच्या जागेत झाली आणि पुढे सीसीएमबी या केंद्रीय प्रयोगशाळेच्या आवारात. १९९७ मध्ये त्यांची हिपॅटायटिस-बीची लस बाजारात आली आणि आयात लसीच्या किमतीवर त्याचा ताण दिसू लागला. सरकारी प्रयोगशाळेने छप्पर आणि यंत्रे वापरायला दिली नसती, तर ही लस इतक्या लवकर झाली असती असे वाटत नाही.

महाराष्ट्रातल्या औषध व्यवसायाला तर ही कल्पना मुळीच परकी नाही. औषधविषयक नियमांतच ‘लोन लायसन्स’ची तरतूद आहे: स्वतःचा कारखाना नसलेला उद्योजक दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपले औषध बनवून घेऊ शकतो. ‘थर्ड पार्टी’ आणि ‘जॉब वर्क’ हे एमआयडीसीतले रोजचे शब्द आहेत. गोळ्या-कॅप्सूलच्या धंद्यात शेकडो लहान कंपन्या अशाच चालतात. फरक इतकाच, की तिथे काय बनवायचे हे आधीच ठरलेले असते. जैवतंत्रज्ञानात वस्तू बनेल की नाही, हेच आधी शोधावे लागते.

आज काय उपलब्ध आहे

भारत सरकारने २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान उद्योगासाठी बायरॅक ही कंपनी स्थापन केली. तिचे ‘बिग’ अनुदान कल्पना सिद्ध करायला ५० लाख रुपयांपर्यंत मिळते, मुदत साधारण १८ महिने. हे कर्ज नाही आणि त्या बदल्यात कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही, म्हणून नव्या संस्थापकांची पहिली धाव तिकडेच असते. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून व्हेंचर सेंटर चालते. तिथे प्रयोगाच्या ओट्याची जागा भाड्याने मिळते, चाचण्या पैसे भरून होतात आणि पेटंटचा सल्लाही मिळतो. मुंबईत आयआयटीचे ‘साइन’ हे उद्भवन केंद्र २००४ पासूनचे. किनाऱ्याशी संबंधित विषय असेल तर गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. सूक्ष्मजीव ठेवायला पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे आणि पेटंटसाठी जिवाणू तिथे जमा करता येतो. त्याखेरीज बंगळूरूची सिंजीन, हैदराबादची अरॅजेन यांसारख्या मोठ्या सीआरओ कंपन्या. विषारीपणाच्या चाचण्यांसाठी जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) मान्यतेच्या प्रयोगशाळा देशात आहेत आणि २०११ पासून त्यांचे अहवाल ओईसीडीच्या व्यवस्थेत परदेशातही ग्राह्य धरले जातात.

म्हणजे मुंबई-पुणे-गोवा या पट्ट्यात लागणाऱ्या बहुतेक सेवा विकत मिळतात. मुरुड या पट्ट्याच्या मधोमध आहे आणि तरी त्याच्या बाहेर.

समर्थकांची बाजू

पहिला मुद्दा पैशाचा. वजा ८० अंशांचा फ्रीझर, निर्जंतुक खोली, क्रोमॅटोग्राफीचे यंत्र ही खरेदी करून कंपनी सुरू केली, तर कल्पना खरी की खोटी हे कळायच्या आधीच भांडवल संपते. सेवा विकत घेतली तर चुकलेली कल्पना स्वस्तात कळते. बहुसंख्य कल्पना चुकीच्याच ठरतात, त्यामुळे हा मुद्दा हलका नाही.

दुसरा मुद्दा मुरुडकरांना समजावून सांगायची गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज आली नाही. ज्याची सगळी पुंजी एका फ्रीझरमधल्या नळ्यांत आहे, त्याने तो फ्रीझर कुठे ठेवावा? नमुन्यांचा एक संच पुण्याच्या संग्रहात असणे, हे किनाऱ्यावरच्या कंपनीसाठी शहाणपणाचेच.

तिसरा मुद्दा निष्पक्षतेचा. आपल्याच प्रयोगशाळेत आपल्याच कल्पनेची परीक्षा घेताना डोळा आंधळा होतो. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन कंपनीत काम केलेल्या शास्त्रज्ञांनी लिहिले की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या प्रयोगांपैकी अवघ्या सहांचे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळाले. ज्याला निकालात स्वारस्य नाही अशा त्रयस्थाकडून चाचणी करून घेणे, हा बाहेरच्या सेवेचा फारसा न बोलला जाणारा गुण आहे.

टीकाकारांची बाजू

या पद्धतीला टीकाकार उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात. त्यांचे म्हणणे असे: प्रयोगात खरे ज्ञान निकालाच्या तक्त्यात नसते. द्रावणाचा रंग किंचित बदलला, पेशी नेहमीपेक्षा हळू वाढल्या, हे ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला दिसते. नव्या औषधांचे कितीतरी शोध अशा आडवाटेच्या निरीक्षणांतून लागले आहेत. कंत्राटी संशोधक ठरलेली चाचणी ठरलेल्या पद्धतीने करतो आणि अहवाल पाठवतो. न विचारलेले सांगायचे त्याला कारण नसते. शिवाय काम शिकतो तो सीआरओ. पाच वर्षांनी कौशल्य त्याच्याकडे साठते आणि कंपनीकडे फायली उरतात.

ही बाजू किती खरी, हे पाहायला अलीकडची दोन उदाहरणे शेजारी ठेवली पाहिजेत. दोन्ही कार-टी उपचाराची आहेत; रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, त्यांच्यात जनुक घालून, कर्करोगाविरुद्ध परत सोडण्याची ही पद्धत. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या इम्युनोअ‍ॅक्टने टाटा मेमोरियलसोबत ‘नेक्सकार-१९’ तयार केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. जनुक वाहून नेणारा विषाणू, म्हणजे व्हेक्टर, बाहेरून आणायचा तर फार महाग पडतो. तो इथेच बनवला गेला आणि खर्च उतरायचे ते एक मोठे कारण ठरले. अमेरिकेत काही कोटी रुपयांना पडणारा उपचार इथे ३०-४० लाखांच्या घरात आला. दुसरीकडे बंगळूरूच्या इम्युनीलने बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमध्ये विकसित झालेले तंत्रज्ञान परवान्याने घेतले, भारतात चाचण्या केल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कार्टेमी’ या नावाने उपचार आणला. एकाने अवघड भाग स्वतः उभा केला, दुसऱ्याने सिद्ध झालेले ज्ञान आणून इथे रुजवले. दोघेही रुग्णापर्यंत पोचले. इम्युनीलनेसुद्धा पेशींवरची प्रक्रिया स्वतःच्या केंद्रात ठेवली, हे मात्र नजरेआड करू नये.

तिसरे उदाहरण मोठ्या कंपनीचे असले तरी इथे सर्वांत बोलके आहे. आफ्रिकेतल्या मेंदुज्वरावरची ‘मेनअ‍ॅफ्रिव्हॅक’ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तिचे घटक जोडायचे तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले होते. जिवाणूच्या आवरणातली शर्करा सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कंपनीने पुरवली आणि संयोजन ‘पाथ’ या संस्थेने व जागतिक आरोग्य संघटनेने केले. किंमत ५० अमेरिकी सेंटच्या खाली ठेवली गेली. जवळजवळ सगळे बाहेरून आले होते, पण ते शिकून आपलेसे करणारी माणसे पुण्यात कारखान्यात होती.

या तिन्हींवरून माझे मत असे बनले आहे की वाद घर की बाहेर असा घालणे फारसे उपयोगी नाही. आलेला अहवाल वाचून ‘हा आकडा शक्यच नाही, पुन्हा करा’ असे म्हणणारा माणूस पगारावर आहे का, एवढे आधी पाहावे. तो असेल तर दहापैकी आठ कामे बाहेर दिली तरी चालते. तो नसेल तर स्वतःची प्रयोगशाळाही त्या कंपनीला वाचवत नाही.

कोळंबीच्या कवचापाशी

मुरुडला लागून एकदरा हे कोळ्यांचे गाव. किनाऱ्यावरच्या अशा गावांत कोळंबी सोलून सोडे वाळवतात. सोलणाऱ्या बायकांच्या पुढ्यात सोड्यांहून मोठा ढीग सालींचा होतो. तो खतात जातो किंवा समुद्रात. या सालींत कायटिन असते, त्यापासून कायटोसान बनते, आणि कायटोसानपासून रक्तस्राव थांबवणारी पट्टी. ही कल्पना हवेतली नाही: अ‍ॅक्सिओ बायोसोल्यूशन्स या भारतीय कंपनीची ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ पट्टी कायटोसानचीच आहे, आणि कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था कायटिन-कायटोसानचे तंत्र उद्योजकांना देत आली आहे. समजा मुरुडच्या दोन-तीन विज्ञान पदवीधरांनी यावर कंपनी काढायचे ठरवले, तर कोणते काम कुठे होईल?

साली धुऊन वाळवणे इथेच. त्यानंतर सौम्य आम्लाने चुना काढायचा, सौम्य अल्कलीने प्रथिने काढायची आणि मग तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवून कायटिनचे कायटोसान करायचे. हा टप्पा मुरुडच्या वाडीत करायचा विचारसुद्धा नको, कारण धुतलेले पाणी खाडीत जाईल. तो रोहा किंवा महाडच्या एमआयडीसीत जॉब वर्कने, सामाईक सांडपाणी प्रक्रिया असलेल्या जागी करावा लागेल. मग मुरुडची खाडी वाचते आणि भार कुंडलिका किंवा सावित्रीवर पडतो. काम बाहेर दिले की प्रदूषणही बाहेर दिले जाते, ही गोष्ट या चर्चेत फारच कमी वेळा मांडली जाते. कायटोसान किती शुद्ध, त्याचा चिकटपणा किती, जड धातू आहेत का, ज्वर आणणारे जिवाणूविष शिल्लक आहे का, या चाचण्या पुण्या-मुंबईत. पट्टीचे उत्पादन वैद्यकीय उपकरणांचा परवाना असलेल्या कारखान्यात.

कागदावर हे चोख बसते. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या बॅचला येईल, जेव्हा चिकटपणाचा आकडा निम्म्यावर येईल. प्रयोगशाळा आकडा बरोबर देईल, कारण देणार नाही. कारण असे असू शकते, की त्या खेपेच्या साली दोन दिवस ओल्या पडून होत्या आणि सडायला लागल्या होत्या. किंवा वाळूवर वाळवल्या होत्या. किंवा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून जुना साठा वापरला होता. पुण्यातल्या तंत्रज्ञाला हे कळायचे साधन नाही. सोलणाऱ्या बाईला विचारले तर ती एका वाक्यात सांगेल. टीकाकार ज्याला ओट्यावरचे ज्ञान म्हणतात, ते या धंद्यात किनाऱ्यावर आहे. कंपनीचा मुक्काम मुरुडला असण्याचे हे भावनेपलीकडचे कारण.

कायदा आणि करार

बाहेर काम दिले की जबाबदारीही बाहेर गेली, हा समज आता कायद्यानेच मोडला आहे. दुसऱ्याने बनवलेले औषध आपल्या नावाने विकणारी कंपनीही त्याच्या दर्जाला जबाबदार धरली जाते, अशी दुरुस्ती औषध नियमांत २०२० मध्ये झाली आणि मार्च २०२१ पासून लागू झाली.

करारात तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात असे या क्षेत्रातले वकील आणि संस्थापक सांगतात: काम करताना सुचलेल्या सुधारणेचा मालक कोण, कच्ची निरीक्षणे मिळणार की फक्त अहवाल, आणि कंपनी दुसऱ्याकडे गेली तर पद्धत सोबत नेता येईल का. सार्वजनिक संस्थेकडून परवाना घेताना तो एकट्याला मिळतो की अनेकांना, हे पाहावे लागते. करोनाकाळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची प्रतिपिंड चाचणी झायडस कंपनीकडे गेली तसे तातडीचे हस्तांतर एरवी होत नाही. नेहमीच्या काळात वाटाघाटी रेंगाळतात, आणि लहान कंपनीचा पैसा त्या काळातही खर्च होत राहतो.

किनाऱ्यावर आणखी एक कायदा लागू होतो, तो २००२ चा जैविक विविधता कायदा. राजपुरीच्या खाडीतल्या कांदळवनाच्या चिखलातून उपयुक्त जिवाणू मिळाला, तर व्यापारी वापराआधी भारतीय कंपनीने नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला कळवायचे असते आणि पेटंटच्या टप्प्यावर राष्ट्रीय प्राधिकरणाशी संबंध येतो. नमुना परदेशी सीआरओला पाठवायचा तर नियम आणखी कडक. स्वस्त पडते म्हणून नळी सिंगापूरला धाडून मोकळे होणे कायद्यात बसत नाही. भारतीय कंपन्यांनाही लाभातला वाटा द्यावा लागतो, हे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यानंतर २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२५ मध्ये लाभवाटपाचे नवे विनियम आले.

न सुटलेले

पहिला प्रश्न मधल्या टप्प्याच्या पैशाचा. ‘बिग’च्या ५० लाखांत कल्पना सिद्ध होते. पुढे जीएलपी चाचण्या आणि रुग्णांवरच्या चाचण्या यांना लागणारी रक्कम कितीतरी मोठी, आणि तिथे सेवा विकत घेणे हा स्वस्त मार्ग राहत नाही, कारण दर महिन्याचे बिल रोख द्यावे लागते आणि हाती मालमत्ता उरत नाही. बँकेला तारण काय दाखवायचे? ज्या गुणामुळे सुरुवात सोपी झाली, तोच इथे आड येतो. यावर पटणारे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

दुसरा प्रश्न रांगेचा. अमेरिकेत चिनी कंत्राटी कंपन्यांवर निर्बंध घालण्याचे ‘बायोसिक्युअर’ विधेयक २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केल्यापासून भारतीय सीआरओंकडे परदेशी चौकशी वाढेल, अशी अपेक्षा आहे. देशासाठी ही बातमी चांगली. पण मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाच्या मागे उभ्या असलेल्या मुरुडच्या दोन माणसांच्या कंपनीचा नंबर कधी लागेल, याचा विचार धोरणात दिसत नाही. सार्वजनिक प्रयोगशाळांनी लहान कंपन्यांसाठी यंत्रांचे काही तास राखून ठेवावेत, अशी सूचना मला रास्त वाटते.

तिसरा प्रश्न माणसांचा. अहवालावर शंका घेणारा माणूस तयार होतो तो वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी प्रयोग करून. सगळ्याच नव्या कंपन्यांनी काम बाहेर दिले, तर तो पुढे कुठे घडणार? लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ मुरुडपासून फार लांब नाहीत. किनाऱ्यावरच्या विषयांसाठी तिथे सामाईक ओटा उभा राहिला, तर पाषाणच्या खेपा वाचतील आणि शिकणारी मुलेही मिळतील.

आणि चौथा, ज्याकडे जैवतंत्रज्ञानाच्या परिषदांत क्वचितच वळले जाते. जैवविविधता कायद्याने मंडळाला कळवण्याच्या अटीतून त्या भागातल्या स्थानिक लोकांना आणि समुदायांना सूट दिली आहे. कवचे गोळा करणाऱ्या कोळी बायकांनी स्वतःच उत्पादक कंपनी नोंदवली आणि बाकीचे सगळे बाहेरून करून घेतले, तर कायद्याच्या लेखी त्या स्थानिक समुदाय की व्यापारी कंपनी? समुदाय धरले तर लाभ थेट त्यांचा. कंपनी धरले तर आपल्याच किनाऱ्यावरच्या वस्तूसाठी त्यांना मंडळाकडे अर्ज करावा लागेल, आणि गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत बहुधा त्यांच्याच घरचे कोणी बसलेले असेल.